माझ्या खात्यावरची कासवं

कार्यक्रमात सूत्रसंचालक माझी ओळख ‘कासवमित्र’ अशी करून देतो, तेव्हा मी समोरच्या पेल्यातलं पाणी पितो. तेवढा वेळ मान खाली घालता येते. हे बिरुद एका वार्ताहराने कधीतरी लावलं आणि ते चिकटलं. तालुक्याच्या गावी निवृत्तीपर्यंत प्राणिशास्त्र शिकवलं, गोड्या पाण्यातल्या कासवांच्या नोंदी केल्या, थोडेफार निबंध छापून आले. पण मित्र कोणाला म्हणायचं हे ठरवायचा अधिकार कासवांना असता, तर त्यांनी आधी माझं खातं मागवून पाहिलं असतं. त्या खात्यावर काय काय आहे, ते एकदा लिहून ठेवतो.

पहिलं कासव मी बुडवलं. अलंकारिक अर्थाने नव्हे, खरोखर पाण्यात बुडवलं.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी नोकरीत नुकता कायम झालो होतो आणि आपल्याला पुष्कळ कळतं, अशी माझी खात्री होती. गावातल्या एका व्यापारी कुटुंबाने भरभराट होते म्हणून घरात कासव पाळलं होतं. पुढे धंद्याला उतरती कळा लागली, तेव्हा कुणीतरी त्यांना सांगितलं की मुका जीव कोंडून ठेवलाय, तोच बाधतोय. मग ते कासव भाजीच्या टोपलीत घालून, वर ओला पंचा टाकून आमच्या विभागात आलं. स्टार कासव होतं. काळसर पाठीवरच्या प्रत्येक उंचवट्यातून पिवळ्या रेषा फाकलेल्या. मी लगेच वर्ग बोलावला. शास्त्रीय नाव फळ्यावर लिहिलं. पाठीवरचे खवले मोजून दाखवले, मधल्या रांगेत पाच, दोन्ही बाजूंना चार-चार. सगळं बिनचूक. आणि मग जाहीर केलं की आपण याला निसर्गात सोडणार आहोत.

निसर्ग म्हणजे गावाबाहेरचं तळं. कासव आहे, तळं आहे, यात विचार करण्यासारखं काही आहे असं मला वाटलंच नाही. दगडी घाटाच्या पायऱ्यांवर विद्यार्थी जमले, स्थानिक वार्ताहर कॅमेरा घेऊन आला. मी चार शब्द बोललो. जास्तच बोललो असेन. मग घोटाभर पाण्यातल्या पायरीवर कासव ठेवलं. ते क्षणभर थांबलं, मान वर करून हवा हुंगली, आणि पुढे चालायला लागलं. पुढची पायरी खाली होती. त्यावरून ते कलंडलं, तिरकं तरंगलं, पाय मारले आणि खाली गेलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

घाटाच्या कडेला एक भोई जाळं सोडवत बसला होता. आमचा सोहळा चालू असताना तो काही बोलला नाही. मंडळी पांगायला लागली तसा तो धोतर खोचून कमरेएवढ्या पाण्यात उतरला, पायाने चाचपडला, वाकला आणि कासव वर काढलं. मान लोंबत होती. त्याने ते उलटं धरलं, डोकं खाली करून पुढचे पाय आत-बाहेर केले. नाकातून पाणी आलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, ‘मास्तर, ह्ये रानातलं हाय. ह्याचं पाय तरी बगायचं.’

पाय मी बघितले नव्हते. त्या पायांना पडदे नसतात. बोटं अशी वेगळी दिसतच नाहीत, खांबासारखा जाड पाय आणि टोकाला बोथट नखं. घुमटासारखं जड कवच घेऊन कोरड्या माळावर, काटेरी झुडपांत चालायला ते पाय बनलेले असतात, पोहायला नाहीत. तळ्यातल्या कासवाची पाठ त्या मानाने चपटी आणि बोटांमध्ये पडदा असतो. हा फरक मी प्रश्नपत्रिकेत विचारलेला होता, पाच गुणांना.

कासव त्या रात्री प्रयोगशाळेत मेलं. फुप्फुसांत पाणी गेलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी वर्तमानपत्रात फोटो आला. फोटोत मी, विद्यार्थी, मधोमध कासव आणि वर मथळा: ‘दुर्मीळ कासवाला जीवदान’. प्राचार्यांनी तो कात्रून सूचना फलकावर लावला. कासव मेल्याचं मी त्यांना सांगितलं नाही. फलकावरचं ते कात्रण पुष्कळ दिवस होतं आणि मी जाता-येता जिन्याची दुसरी बाजू वापरत होतो. खरं म्हणजे त्या टोपलीसह मी थेट वनखात्याकडे जायला हवं होतं. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 सालचा आहे आणि स्टार कासवाचं नाव त्याच्या परिशिष्टात तेव्हाही होतं. 2022 च्या दुरुस्तीत ते पहिल्या परिशिष्टात गेलं. म्हणजे मी कासव बुडवलं आणि कायदाही.

दुसरी चूक जास्त सभ्य दिसणारी होती, म्हणून जास्त काळ टिकली.

आपल्याकडे विहिरीत कासव सोडण्याची पद्धत जुनी आहे. पाणी स्वच्छ राहतं म्हणतात, घराला चांगलंही असतं. कोकणात माझ्या चुलतभावाने नवी विहीर पाडली, तेव्हा त्याने मला विचारलं, ‘दादा, तुझ्याकडे कासवं असतीलच.’ असायचीच. उन्हाळ्यात आटत चाललेल्या एका डबक्यातून आम्ही काळी कासवं उचलली होती. मेलॅनोकेलिस ट्रायज्युगा हे त्यांचं नाव. गडद पाठ, पाठीवर लांबीच्या दिशेने तीन कणे, लाजरा स्वभाव. हातात घेतलं की मान आत ओढतं आणि मांडीजवळच्या ग्रंथींतून असा वास सोडतं की घेणाराच आपण होऊन खाली ठेवतो. त्यातली एक नर-मादीची जोडी मी डब्यात घालून एसटीने घेऊन गेलो. भावाने नारळ फोडला. मी सगळ्यांना समजावून सांगितलं की ही कासवं गोगलगायी खातात, किडे खातात, कुजकं खातात, म्हणून पाणी स्वच्छ राहतं. कासव जे खातं त्याचं पुढे काय होतं आणि ते कुठे जातं, हा प्रश्न निदान प्राणिशास्त्राच्या माणसाला तरी पडायला हवा होता.

जुन्या जांभ्याच्या विहिरीला कपारी असतात, उतरायला पायऱ्या असतात, कुठे दगड निसटून बसायला कट्टा झालेला असतो. भावाची विहीर सिमेंटच्या रिंगांची होती. आतून गुळगुळीत. ऊन दुपारी थोडा वेळ पाण्याला लागायचं आणि सरकायचं. या कासवांना तर ऊन लागतंच. अंग तापलं की अन्न पचतं, कातडी आणि पाठ सुकली की शेवाळ आणि जळवा सुटतात. तळ्याकाठी ओंडक्यावर रांगेने बसलेली कासवं आपल्याला निवांत वाटतात, पण ते त्यांचं रोजचं काम असतं. मादीला तर जमिनीवर यावंच लागतं. अंडी पाण्यात घातली तर ती मेलीच.

पुढच्या सुट्टीत गेलो तेव्हा वहिनी म्हणाली, रात्री विहिरीतून खर-खर आवाज येतो. पोरं घाबरतात. मी हसून म्हटलं, अगं, कासवं आहेत ती. आपली जागा तपासताहेत. हे वाक्य मला आठवतं, कारण ते मी शास्त्रज्ञाच्या आवाजात बोललो होतो. जागा ती तपासत नव्हती. चढायचा प्रयत्न करत होती.

गाळ काढायची वेळ आली तेव्हा भावाने मला बोलावलं. उतरलेल्या माणसाने आधी मादी वर पाठवली, बादलीत. पाठीवर शेवाळाचा जाड थर, डोळे सुजलेले. मी तिला तळहातावर उलटी केली आणि या वेळी पाय पाहिले. पुढच्या पायांची नखं नव्हती. म्हणजे होती, पण मुळापर्यंत झिजून सपाट झालेली, कानशीने घासावीत तशी. नर गाळात सापडला. नुसतं कवच. मादीला ओढ्याच्या डोहात सोडलं. पाणी मात्र स्वच्छ होतं. भावाने ते आवर्जून सांगितलं.

त्यानंतर कोणी विहिरीसाठी कासव मागितलं तर मी देत नाही, आणि ज्यांच्या विहिरीत आधीच आहे त्यांना एखादी फळी तिरकी सोडा म्हणतो. बरेच जण सोडत नाहीत. फळी कुजते, पाण्याला वास येतो, अशी त्यांची तक्रार असते. मला ती पूर्णपणे खोटी म्हणता येत नाही.

अंड्यांचं प्रकरण छोटं आहे, पण ते माझ्या कपाटात होतं, म्हणून सांगतो. नदीकाठी वीटभट्टीसाठी माती खणताना मजुरांना काळ्या कासवाची अंडी मिळाली, पांढरी, लांबट, कडक टरफलाची. त्यांनी ती गवतात गुंडाळून विभागात आणून दिली. मी ती धुतली, हे पहिलं. मग ओल्या वाळूत ठेवली, शेजारी दिवा लावला, आणि प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने एका अंगाला फुली केली. रोज सकाळ-संध्याकाळ अंडी फिरवायची, फुली वर की खाली ते वहीत लिहायचं. कोंबडी अंडी फिरवते, उबवणी यंत्रंही फिरवतात. माझ्या शेजारीच पोल्ट्री होती आणि मला ती पद्धत शास्त्रशुद्ध वाटली. रविवारीही मी जात होतो. इतक्या नेमाने मी दुसरं काही केलेलं नाही.

पक्ष्याच्या अंड्यात बलक दोन पिळाच्या दोऱ्यांनी सांभाळलेला असतो. गर्भ एका जागी चिकटू नये म्हणून कोंबडी अंडं फिरवते. कासवाच्या अंड्यात तशा दोऱ्या नसतात. अंडी घातल्यावर थोड्याच वेळात गर्भ वरच्या बाजूला येऊन टरफलाच्या आतल्या पडद्याला चिकटतो, आणि त्याने तिथेच राहायचं असतं. त्यानंतर अंडं उलटं केलं की तो चिकटलेला भाग फाटतो, नाहीतर गर्भ बलकाखाली दबतो. कासवीण अंडी पुरून निघून जाते, परत येत नाही, यातच हे सांगितलेलं होतं. जी आई येणारच नाही तिच्या अंड्यांना कोण फिरवणार?

सगळी गेली. बहुतेकांत पिवळं पाणी. एकात तेवढा गर्भ आकाराला आला होता, बोटाच्या पेराएवढा. तो मी फॉर्मॅलिनमध्ये ठेवला आणि त्याच्यावर पुढे कित्येक वर्षं शिकवलं. शिकवण्यासारखंच होतं ते. आपल्या बरगड्या खाली वळून छातीचा पिंजरा करतात आणि खांद्याचं हाड त्या पिंजऱ्याच्या बाहेर असतं. कासवात बरगड्या वळतच नाहीत. त्या सरळ बाजूला पसरतात, पाठीच्या कातडीत शिरतात, त्यांचीच पुढे पाठ बनते, आणि खांदा आत राहून जातो. म्हणून कासवाला कवचातून बाहेर काढता येत नाही. कवच म्हणजे त्याचा सांगाडाच आहे. 2008 मध्ये चीनच्या ग्वेजो प्रांतातल्या सुमारे 22 कोटी वर्षं जुन्या खडकातल्या ओडोन्टोकेलिस या आद्य कासवाचं वर्णन प्रसिद्ध झालं, तेव्हा मी निवृत्तीला आलो होतो. त्या प्राण्याला पोटाकडचं कवच पूर्ण होतं, पाठीवर मात्र नुसत्या रुंद झालेल्या बरगड्या, आणि तोंडात चक्क दात. आजच्या कोणत्याही कासवाला दात नाहीत. पोटाची बाजू आधी, पाठ नंतर, हाच क्रम गर्भाच्या हाडांतही दिसतो. मी बरणी उचलून ते वर्गाला दाखवलं. मुलं भारावली. हा गर्भ इथवरच का वाढला, हे मात्र एकाही तुकडीला सांगितलं नाही. कोणी विचारलंही नाही. विचारलं असतं तर ‘काही कारणाने’ म्हणालो असतो.

आता छापील चुकीकडे येतो. बाकीच्या चुकांना साक्षीदार थोडे होते.

नव्वदच्या दशकात एका दैनिकाच्या रविवार पुरवणीत मी कासवांवर लिहायचो. एका लेखाला मला फार छान कल्पना सुचली. कल्पना अशी. 1852 मध्ये हेन्री कार्टर या मुंबईतल्या शल्यवैद्याने मुंबई बेटाच्या भूशास्त्रावर मोठा निबंध लिहिला. वरळीच्या टेकडीत, लाव्हाच्या थरांच्या मधोमध, गोड्या पाण्यातल्या गाळाचे थर सापडले होते. ज्वालामुखी धुमसायचा थांबला की मधल्या काळात तिथे तळी साचत, आणि पुढचा लाव्हा ती बुजवून टाकी. सहा कोटींहून जास्त वर्षांपूर्वीच्या त्या तळ्यांत बेडूक होते. त्यांचे इवले सांगाडे पाहून इंग्लंडच्या रिचर्ड ओवेनने 1847 मध्येच त्यांना नाव दिलं होतं. आणि कासवं होती. कार्टरने त्या कासवाला मुंबईतल्याच डॉक्टर लीथ यांचं नाव दिलं. पुढे 1872 मध्ये लंडनच्या जॉन ग्रे यांनी पुण्याहून गेलेल्या एका मऊ पाठीच्या, जिवंत जातीच्या कासवाला नाव दिलं. तेही लीथ यांचंच. दक्षिणेतल्या नद्यांत आजही राहणारं हे कासव, निल्सोनिया लीथाय.

खडकातलं लीथचं कासव मुंबईत, नदीतलं लीथचं कासव पुण्यात. मी लिहिलं, ‘वरळीच्या त्या आदिम तळ्यातल्या कासवाचे वंशज आजही मुळा-मुठेच्या डोहात नाकपुड्या वर काढून श्वास घेत आहेत.’ हे वाक्य मी घरात मोठ्याने वाचून दाखवलं होतं. बायको म्हणाली, छान आहे. ती मराठीची शिक्षिका.

आठवड्याने पोस्टकार्ड आलं. लिहिणारे भूशास्त्राचे निवृत्त गृहस्थ होते, अक्षर मोत्यासारखं. त्यांनी लिहिलं होतं की दोन प्राण्यांचं आडनाव एक असल्याने ते एका घराण्यातले होत असतील, तर महाराष्ट्रातले सगळे कुलकर्णी भाऊबंद ठरतील आणि वाटण्यांचे दावे अवघड होतील. पुढे तीन ओळींत त्यांनी माझा लेख निकालात काढला होता.

कासवांची दोन मोठी घराणी आहेत. एक मान सरळ मागे ओढून आत घेणारं, आणि दुसरं मान आडवी वळवून कवचाच्या कडेखाली बाजूला लपवणारं. आज भारतात जी कासवं आहेत, तळ्यातली, नदीतली, रानातली, ती सगळी पहिल्या घराण्यातली. दुसरं घराणं आज दक्षिण अमेरिका, आफ्रिका, मादागास्कर, ऑस्ट्रेलिया इकडे आहे. वरळीचं कासव त्या दुसऱ्या घराण्यातलं. एकोणिसाव्या शतकातच अभ्यासकांनी त्याला दक्षिण अमेरिकेतल्या हायड्रास्पिस या वंशात ठेवलं होतं. नंतर त्याला कार्टरच्या नावावरून कार्टरेमिस असं स्वतंत्र वंशनाम मिळालं. आडव्या मानेच्या कासवांची कमरेची हाडंसुद्धा कवचाला सांधलेली असतात आणि त्या सांध्याच्या खुणा कवचाच्या आतल्या बाजूला राहतात. मी निबंधातलं चित्र पाहिलं होतं. बाहेरून पाहिलं होतं.

मग वाचायला बसलो. ते आधी करायला हवं होतं. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिसदुरा नावाचं गाव आहे, जिथे शेतात डायनासोरची हाडं आणि शेणाचे दगड झालेले गोळे मिळतात. तिथल्या कासवाचं वर्णन भारतीय सांख्यिकी संस्थेचे सोहनलाल जैन यांनी 1977 मध्येच केलं होतं. तेही आडव्या मानेचं. 2020 मध्ये त्याच्या वंशाला जैन यांचंच नाव दिलं गेलं, जैनेमिस. 2003 मध्ये यूजीन गॅफनी, अशोक साहनी आणि सहकाऱ्यांनी मुंबईच्या अशाच थरांतल्या एका कवटीवरून संकुचेमिस सेठनाय ही आणखी एक जात मांडली. त्याच घराण्यातली. भारत तेव्हा मादागास्करपासून सुटून उत्तरेकडे सरकणारं एक मोठं बेट होतं आणि त्याच्या तळ्यांत दक्षिणेकडची कासवं होती. मादागास्करच्या पश्चिमेकडच्या नद्यांत आजही आडव्या मानेचं एक मोठ्या डोक्याचं कासव आहे. वरळीच्या कासवाचा जिवंत नातलग शोधायचाच असेल तर तिकडे जावं लागेल, आणि तेही लांबचं नातं. आपल्या विहिरीतलं काळं कासव आशियाई कुळातलं. भारत आशियाला टेकल्यावर त्याचे पूर्वज उतरून आले असणार. आडव्या मानेची कासवं लगेच संपलीही नाहीत. गुजरातजवळच्या पिरम बेटावरच्या, पुष्कळ नंतरच्या थरांत त्यांचा एक नमुना सापडला आहे. पण टिकली नाहीत. मुळा-मुठेत त्यांच्यापैकी कोणी श्वास घेत नाही.

मला थोडा दिलासा ह्यू फाल्कनर या एकोणिसाव्या शतकातल्या जीवाश्म-अभ्यासकाने दिला. शिवालिकच्या टेकड्यांत त्याला आणि त्याचा सहकारी कॉटली याला एका राक्षसी कासवाचे तुकडे मिळाले. त्यांनी अंदाज बांधला की नुसती पाठच बारा फुटांच्या वर असेल. फाल्कनरने गरुडाने उचललेल्या हत्ती-कासवाची पुराणकथाही त्याला जोडली. नंतरच्या अभ्यासकांनी ती पाठ सुमारे सहा फुटांवर आणली. म्हणजे अर्धी. पण त्याच फाल्कनरने त्याच डोंगरातली एका कासवाची लहानशी, छपरासारखी पाठ उचलली, आज गंगेच्या खोऱ्यात राहणाऱ्या पँगशुरा टेक्टाशी ताडून पाहिली आणि दोन्ही एकच आहेत असं दाखवून दिलं. राक्षस नाहीसा झाला, तळहाताएवढं कासव अजून आहे. त्याचंही नातं त्याने पाठीवरूनच ओळखलं, पण हातात घेऊन, खवल्यागणिक. एवढं वाचून झाल्यावर दिलासा ओसरला.

मी दैनिकाला खुलासा पाठवला. तो आतल्या पानावर, जाहिरातींच्या खाली आला. त्यात ‘लीथचे कासव’ याऐवजी ‘लीदचे कासव’ असं छापून आलं होतं. खुलाशाचा खुलासा मी पाठवला नाही. पोस्टकार्डवाल्या गृहस्थांचं मात्र पुन्हा कार्ड आलं. त्यांना ते फार आवडलं होतं. पुढे आमची ओळख वाढली आणि जीवाश्मांबद्दल काही लिहिलं की छापण्याआधी त्यांच्याकडे जाऊ लागलं. ते होते तोवर त्या बाबतीत माझी मोठी चूक छापून आली नाही. त्यांच्या अक्षरातल्या दुरुस्त्या माझ्या नावावर छापल्या गेल्या, हे वेगळं.

एव्हाना मी पाय पाहायला शिकलो होतो. फोनवर कुणी ‘सर, कासव सापडलंय’ म्हणालं की मी आधी पायांबद्दल विचारायचो. रानातलं असेल तर पाण्यापासून लांब ठेवा. मऊ पाठीचं असेल तर ते कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे, हात न लावता वनखात्याला कळवा. भिजवलेली डाळ खायला घालू नका. मला आता सगळं येत होतं.

त्याच सुमारास एका विद्यार्थ्याने नोकरी लागल्याच्या आनंदात मला काचेच्या भांड्यातून एक कासव भेट आणलं. नाण्याएवढं, हिरवंगार, डोळ्यामागे लाल पट्टा. मुंबईच्या बाजारात तेव्हा मिळायची ती, अजूनही मिळतात. रेड इअर्ड स्लायडर. भांड्यातून टबात, टबातून हौदात असं करत ते थाळीएवढं झालं. पिल्लं नाण्याएवढी विकतात, पण मोठं झाल्यावर कासव एक वीत उलटून जातं आणि सहज तीसेक वर्षं जगतं, हे दुकानदार सांगत नाही. निवृत्तीनंतर फ्लॅटमध्ये राहायला जायचं ठरलं. हौद नव्हता. मी कासव उचललं, आणि पाय पाहिले. उत्तम पडदे, लांब नखं, पोहणारं कासव. वाहतं पाणी नको, उथळ तळं हवं, बसायला ओंडके हवेत, ऊन हवं. सगळं तपासलं. गावाच्या तळ्याच्या उथळ काठाला, घाटापासून लांब, संध्याकाळी नेऊन सोडलं. फोटोवाल्याला बोलावलं नाही. ते सरळ पाण्यात शिरलं आणि सुंदर पोहत गेलं.

पाय बरोबर होते. कासव अमेरिकेतलं होतं. मिसिसिपीच्या खोऱ्यातलं हे कासव माणसांनी जगभर पाळलं आणि कंटाळा आल्यावर जगभर सोडलं. जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर परक्या जातींच्या यादीत त्याचं नाव आहे. युरोपने 1997 मध्ये त्याची आयात बंद केली. तेव्हा मी नोकरीत होतो आणि त्याची बातमी मी स्वतः वर्गात वाचून दाखवली होती. बातमीतलं कासव आणि माझ्या हौदातलं कासव मी कधी शेजारी ठेवून पाहिलंच नाही. हौदातलं माझ्या हातून जेवायचं.

तळ्यावर आता सकाळी फिरायला जातो. बुडालेल्या बाभळीचं खोड पाण्यावर आलंय, तिथे पूर्वी काळी कासवं बसायची. एक-दोन अजून असतात, टोकाला. ऊन येणारी मधली जागा लाल पट्टेवाल्यांनी घेतली आहे. ती एकाहून जास्त आहेत, म्हणजे माझ्यासारखे गावात आणखी कोणी आहेत. एकदा काळ्या कासवाने मधे चढायचा प्रयत्न केला. स्लायडर हललं नाही. काळं थोडा वेळ पाण्यात एक पाय खोडावर टेकून राहिलं आणि मग खाली सुटलं. नगरपालिकेला मी अर्ज दिला आहे. पिंजरे लावून ती पकडता येतात. पकडल्यावर ठेवायची कुठे, असा त्यांनी उलट प्रश्न विचारला आहे आणि त्याचं उत्तर माझ्याजवळ तयार नाही.

तो विद्यार्थी आता पुण्यात मोठ्या हुद्द्यावर आहे. गुरुपौर्णिमेला न चुकता फोन करतो. मुलांची चौकशी झाली, गुडघ्यांची झाली की विचारतो, ‘सर, माझं कासव कसं आहे?’ मी सांगतो, मजेत आहे, चांगलं वाढलंय. त्यात खोटं काही नाही.